बिगारीपासून कोपऱ्यापर्यंत: गवंडीकाम शिकायला निघालेल्यांसाठी

गावाकडून पुण्या-मुंबईच्या साइटवर आलेला पोरगा पहिल्या दिवशी बिगारी म्हणून लागतो. घमेलं, फावडं, पाण्याची बादली. त्यातले कित्येक जण काही वर्षांनीही तिथेच असतात. अंगात कसब नसतं म्हणून नव्हे, तर विटेवर माल पसरायची थापी हातात कधी येणार हे त्यांनी कधी विचारलेलं नसतं आणि आपण होऊन कुणी सांगितलेलंही नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि आयटीआयचा फॉर्म भरावा की सरळ एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली जावं या घोळात अडकलेल्यांसाठीही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हात साइटवरच तयार होतो, पण कागद नसेल तर तो तयार हात रोज सकाळी नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभा राहतो. म्हणून दोन्ही मिळवा. आणि गवंडी झालो की नाही हे ओळखायचं माप एकच: भिंतीचा कोपरा तुम्हाला एकट्याला उभा करता येतो का?

पहिली पायरी: वाट ठरवा

आयटीआयमध्ये ‘मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. आठवी पास झालेल्यालाही तो घेता येतो. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी जवळच्या कोणत्या संस्थेत आहे ते बघून घ्या. महाराष्ट्रात प्रवेश ऑनलाइन, एकाच प्रक्रियेतून होतात. दहावीच्या निकालानंतर तारखांवर लक्ष ठेवा, कारण फेऱ्या एकदा निघून गेल्या की वर्ष जातं. वर्षअखेरीस अखिल भारतीय ट्रेड परीक्षा होते आणि पास झालात की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. नकाशा वाचणं, मापं काढणं आणि मालाचा हिशोब करणं आयटीआयमध्ये नीट शिकवतात. साइटवर हे शिकवायला कुणाला सवड नसते. वेग मात्र आयटीआयमध्ये येत नाही.

दुसरी वाट अप्रेंटिसची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनी तुम्हाला शिकाऊ म्हणून घेते आणि दरमहा विद्यावेतन देते. ज्या आस्थापनेत तीस किंवा त्याहून जास्त माणसं आहेत तिला ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,००० आणि दहावी झालेल्याला ६,००० रुपये ठरवलं होतं. करार कराल त्या दिवशी लागू असलेला दर मात्र पोर्टलवर स्वतः तपासा. करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवलेला असला पाहिजे. ‘तू आमचा अप्रेंटिस’ असं मुकादमाने तोंडी सांगितलं तर त्याला काडीचाही अर्थ नाही. कराराचा नोंदणी क्रमांक मागा, स्वतःकडे लिहून ठेवा. त्या कागदाचे दोन मोठे फायदे आहेत: शिकताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, आणि मुदत संपल्यावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. शिकून झाल्यावर नोकरी द्यायचं बंधन मात्र मालकावर नसतं, तेवढं धरून चाला.

तिसरी वाट बांधकाम कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांची. एल अँड टीचं पनवेलचं केंद्र त्यातलं एक. काही महिन्यांचा कोर्स, मग त्यांच्याच साइटवर काम. घर सोडून राहायची तयारी असेल तर ही वाट चांगली.

खेड्यात राहूनच शिकायचं असेल तर पंचायत समितीत ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची चौकशी करा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातलं हे प्रशिक्षण ४५ दिवसांचं असतं. मला ते आवडतं, कारण शिकणारे एक खरं घर उभं करतात, पायापासून छपरापर्यंत. सरावाची भिंत बांधून पाडून टाकण्यात हात वळतो, पण ज्या भिंतीआड उद्या कुणाची पोरं झोपणार आहेत ती बांधताना डोकंही कामाला लागतं.

आणि जे वर्षानुवर्षं काम करतायत पण कागद नाही, त्यांच्यासाठी आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची थोडक्यात उजळणी, चाचणी आणि प्रमाणपत्र. परत पहिलीत बसावं लागत नाही.

दुसरी पायरी: मिस्त्री पारखून घ्या

कोणत्याही वाटेने गेलात तरी शेवटी एका माणसाच्या हाताखाली शिकायचं आहे. मजुरी किती देतो हे सगळेच विचारतात. तुम्ही तीन गोष्टी आणखी बघा. त्याने पाच-सात वर्षांपूर्वी बांधलेली एखादी भिंत जाऊन पाहा: तडे गेलेत का, ओल चढलीय का. त्याच्या हाताखालचे आधीचे बिगारी आज काय करतात ते विचारा. दोघं-तिघं मिस्त्री झाले असतील तर तो शिकवतो. सगळे अजून घमेलीच उचलत असतील तर तो शिकवत नाही, फक्त राबवून घेतो. आणि थेट विचारा, “मिस्त्री, दोरीवर कधी बसवाल? कोपरा कधी द्याल?” चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. तो मुदत सांगतो, नाहीतर निदान अट सांगतो.

मोठी उचल घेऊन कामाला लागू नका. उचल फिटेपर्यंत सोडून जाता येत नाही, आणि सोडून जाऊ न शकणाऱ्याला शिकवायची गरज कुणाला वाटत नाही. हजेरीची वही स्वतःची ठेवा.

बायांबद्दल इथेच बोलतो. आपल्याकडच्या साइटवर बाई वाळू चाळते, माल पोचवते, पाणी मारते, आणि थापी नवऱ्याच्या हातात असते. याला कसबाचं काहीही कारण नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या काळात बायांनी शौचालयं बांधली आणि त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणून मान मिळाला. आयटीआय, अप्रेंटिसशिप, ग्रामीण प्रशिक्षण या सगळ्या वाटा बायांना खुल्या आहेत. बांधकामावर आधीच राबणाऱ्या ताईंनी तर आधी अर्ज करावा, कारण मालाचा अंदाज त्यांच्या हाताला आलेलाच असतो.

तिसरी पायरी: स्वतःची हत्यारं

थापी, ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचा दोरीला लटकवलेला गोळा), दोरी, काटकोन बघायचा गुण्या, पाच मीटरचा टेप. एवढं स्वतःचं असू द्या. गिलावा घासायचा रंधा, पट्टी, लेव्हलची नळी साइटवर मिळते. दुसऱ्याची थापी मागून शिकणाऱ्याला सराव दुसऱ्याच्या सवडीने मिळतो. जेवणाच्या सुट्टीत कुठे चार विटा लावून बघायच्या असतील तर थापी आपली हवी. संध्याकाळी हत्यारं धुऊन पुसून ठेवा. थापीवर वाळलेला माल दुसऱ्या दिवशी विटेवर सरळ पसरत नाही.

चौथी पायरी: माल

नवीन पोरं ही पायरी कमीपणाची समजतात. माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, कालवता न येणारा माणूस भिंतीवर चढला तर त्याची भिंत नशिबावर उभी असते.

वाळूपासून सुरुवात करा. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू घ्या, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि ठेवून द्या. काही तासांनी वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा थर दिसतो. तो थर वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरायची नाही. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, येते. तिच्यात बारीक भुकटी जास्त असू शकते, तेव्हा तीही नजरेखालून घाला.

प्रमाण फावड्याने मोजू नका. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे ३५ लिटर. तेवढ्याच मापाचा फरमा बनवून घ्या: आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ उंच. नऊ इंची भिंतीला एकास सहा, म्हणजे एका गोणीला सहा फरमे वाळू. साडेचार इंची भिंतीला एकास चार. वाळू ओलसर असेल तर ती फुगते, पाव हिश्शापर्यंतही फुगते, म्हणजे फरमा भरलेला दिसतो पण वाळू कमी असते. ओल्या वाळूला थोडी वाढ धरायची असते. किती, ते मिस्त्रीला वाळू मुठीत दाबून दाखवायला सांगा.

वाळू आणि सिमेंट कोरडंच तीनदा उलटंपालटं करा, एकसारखा रंग येईपर्यंत. खाली पत्रा किंवा पक्की फरशी हवी, मातीवर कालवायचं नाही. मग मध्ये आळं करून पाणी घाला. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल ओला करा. घट्ट झालेल्या मालात परत पाणी मारून तो वापरणं हा आपल्या साइटवरचा सर्वांत जुना रोग आहे. सिमेंट एकदा धरायला लागलं की वरून पाणी ओतून त्याची ताकद परत येत नाही.

विटांचंही तसंच. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. मातीच्या भाजक्या विटा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांध्यात नुसती भुकटी उरते. फ्लाय ॲशच्या विटेला वरून पाणी मारलं तरी पुरतं.

पाचवी पायरी: दोरीवर

मिस्त्री दोन टोकांचे कोपरे चढवतो, मध्ये दोरी ताणतो आणि मधली जागा शिकाऊने भरायची. इथे तुमचं खरं शिक्षण सुरू होतं. विटेची वरची कड दोरीच्या बरोबरीत आली पाहिजे, पण वीट दोरीला टेकता कामा नये. एका विटेने दोरी ढकलली की पुढच्या सगळ्या विटा त्या चुकीच्या रेषेत जातात आणि भिंतीला पोट येतं. दोरी आणि विटेत बारीक उजेड दिसत राहू द्या.

सांधा दहा मिलिमीटरचा. विटेच्या डोक्याला, म्हणजे दोन विटांमधल्या उभ्या सांध्यालाही माल लावा. वरून ओतून भागवू नका. विटेचा खड्डा वरच्या बाजूला. नऊ इंची भिंतीत इंग्लिश बाँडने एका थरात विटांची लांब बाजू दिसते, वरच्या थरात आखूड बाजू. सांधमोड झालीच पाहिजे: खालच्या थराच्या उभ्या सांध्यावर वरच्या थराचा उभा सांधा येता कामा नये. तो जिथे येतो तिथूनच उद्या तडा जाणार.

एका दिवसात दीड मीटरच्या वर भिंत चढवायची नाही. ठेकेदार घाई करेल. खालचा ओला माल वरच्या वजनाने दबतो आणि भिंत ओळंब्यातून निघते, हे त्याला सांगायचं काम मिस्त्रीचं. तुम्ही ते ऐकून ठेवा, कारण पुढे तुम्हालाच सांगायचं आहे.

सहावी पायरी: कोपरा

इथे सावकाश जा. कोपऱ्यात दोरी नसते. दोरी ज्याच्यावरून बांधली जाते तोच कोपरा असतो, म्हणून त्यातली चूक सगळ्या भिंतीत उतरते.

आधी काटकोन. जोत्यावर एका बाजूला तीन फुटांवर खूण करा, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं माप बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. मोठ्या खोलीला सहा-आठ-दहा घ्या, चूक लवकर दिसते. मग पहिला थर माल न लावता नुसता मांडून बघा. आखूड बाजूच्या थरात कोपऱ्यातल्या पहिल्या विटेला लागून लांबीत उभी चिरलेली अर्धी वीट येते. ती विसरलात तर पुढे सांधमोड जुळणारच नाही, कितीही तुकडे घातले तरी.

कोपरा पाच-सहा थर चढवताना दोन्ही अंगांना पायऱ्या सोडत जा. प्रत्येक थराची उंची खुणा केलेल्या फळीवर तपासा. १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची मॉड्युलर, म्हणजे ठरावीक मापाची वीट असेल तर सांध्यासकट दहा थर म्हणजे एक मीटर. गावभट्टीची वीट असेल तर आधी दहा विटा मोजून स्वतःची फळी बनवा.

आता ओळंबा. हा नीट पाहा, कारण सगळं यात आहे. ठोकळा वरच्या विटेच्या अंगाला टेकवा आणि गोळा खाली सोडा. तो झुलायचा थांबेपर्यंत वाट बघा, श्वासही जरा धरा. वारा असेल तर पाठ आडवी करून उभे राहा. गोळा भिंतीपासून केसभर सुटा लटकला तर भिंत ओळंब्यात आहे. गोळा भिंतीला चिकटून अडला तर भिंत वर आत गेलीय. अंतर पडलं तर भिंत वर बाहेर झुकलीय. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक थराला हे करायचं. तीन थरांनी एकदा बघू म्हणणारा तिसऱ्या थराला तीन थर सोडवतो.

चूक दिसली तर वीट ठोकून सरकवू नका. माल धरायला लागला असेल तर ठोकलेली वीट सुटते, नुसती जागेवर बसल्यासारखी दिसते. ती काढा, जुना माल खरवडा, नवीन माल घालून परत बसवा. शिकाऊ पोराला हे करायची लाज वाटते. मी ज्या मिस्त्र्यांना मानतो ते सगळे अजूनही विटा काढून परत लावतात.

गिलावा, दगड आणि ब्लॉक

गिलाव्याचं थोडक्यात सांगतो, तो सरावानेच येतो. काँक्रीटला टाचे (खाचा) मारा, भिंत भिजवा, काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे जाळी लावा. ओळंब्यात ठिपके द्या, मग पट्टी फिरवा, मग रंधा. आतून बारा मिलिमीटर, बाहेरून वीस, तेही दोन हातांत. नीरूचं, म्हणजे चुन्याच्या गुळगुळीत लेपाचं काम हे वेगळं कसब आहे, पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

दगडी कामाचं मात्र थांबून सांगायला हवं. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. त्यातली कित्येक स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली गेली. भिंती चांगल्या जाड होत्या. पण मातीत रचलेले दगडाचे दोन पदर, आत भर, आणि दोन पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. धक्का बसला तसे पदर सुटे होऊन कोसळले. म्हणून दगडी भिंत शिकाल तेव्हा आरपार दगडाचा नियम पाठ करा: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक. एवढा लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी काँक्रीटचा तुकडा ओतून घाला. कोकण-गोव्याकडे जांभ्या दगडाचा चिरा वापरतात. तिथे भिंत एकाच चिऱ्याच्या रुंदीची असली तर हा प्रश्न येत नाही, पण सांधमोड आणि ओळंबा तेच.

शहरात मोठ्या इमारतींवर विटकाम झपाट्याने कमी होतंय. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक आले, आणि कित्येक टॉवरमध्ये तर ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये सगळ्या भिंतीच ओततात. यात घाबरण्यासारखं काही नाही. ब्लॉकला तयार माल लागतो आणि सांधा तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे पहिला थर जरा तिरका गेला तर वर दुरुस्त करायला जागाच उरत नाही. ज्याचा विटेचा कोपरा पक्का आहे त्याला ब्लॉक लवकर जमतो. उलटं होत नाही. फरशी आणि वॉटरप्रूफिंगही जोडीला शिकून घ्या, पावसाळ्यात तेच काम चालतं.

अंगाची काळजी

ओलं सिमेंट कातडी जाळतं. हातमोजे आणि गमबूट घाला, चप्पल घालून मालात उभे राहू नका. परांचीवर चढण्याआधी फळ्या बांधल्यात का ते स्वतः हलवून बघा, कुणी सांगितलं म्हणून चढू नका. हेल्मेट आणि उंचावर पट्टा मागून घ्या. फरशी किंवा दगड कापताना पाणी सोडूनच कापा आणि नाकाला मास्क लावा. ती पांढरी धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही.

कागद

आधार, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि बंद न पडणारा एक मोबाइल नंबर. वय १८ ते ६० मध्ये असेल आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. पोरांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंतच्या योजना त्या नोंदणीवर मिळतात. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून काम चालू असतानाच घ्या. काम संपलं की तो फोन उचलत नाही, हे साइटवर कुणालाही विचारा.

पहिलं स्वतःचं काम

कोपरा जमला, माल जमला, की छोटं काम अंगावर घ्या. कंपाउंडची भिंत, पाण्याचा हौद, एखाद्या खोलीचं जोतं. घर घेऊ नका. दर सांगण्याआधी जागेवर जाऊन मापं काढा. मॉड्युलर विटेच्या एका घनमीटर बांधकामाला साधारण ५०० विटा लागतात, तुटफूट वेगळी धरा. आपल्याकडे अजून ब्रासवर बोलतात: बांधकामाला शंभर घनफूट, गिलाव्याला शंभर चौरस फूट. मालकाला ब्रास कोणत्या अर्थाने म्हणताय ते आधी स्पष्ट करा. सामान कुणाचं, पाणी कुणाचं, परांची कुणाची आणि पैसे किती टप्प्यांत, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. भिंतीला सात दिवस पाणी कोण मारणार, हेही त्यातच लिहा. सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात.